सात वर्षांची ड्रायव्हर

"डॉक्टर, ती सात वर्षांची ड्रायव्हर कुठंय?" हवालदारांनी दारातूनच विचारलं.

मी हाडांचा डॉक्टर. डोंबिवलीत माझं छोटं हॉस्पिटल आहे. समोर ओवी मनगट धरून बसली होती, शेजारी तिचे आजोबा. आमच्या नव्या रिसेप्शनिस्टने, मनालीने, केसपेपरवर लिहिलं होतं, 'स्कूटर चालवताना अपघात, वय सात.' वर एमएलसीचा शिक्का. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस. वाहनाचा अपघात असला की कळवावंच लागतं, आणि मनाली कामाला चोख. पोरीकडे मान वर करून न बघताच तिने फोन लावला होता.

हवालदारांनी वही उघडली. "आजोबा, एवढ्याशा पोरीला गाडी दिली कोणी? चावी कोणाकडे असते?"

"चावी नसते हो तिला."

"मग चालू कशी करता? किक मारून?"

"हो. पायानंच."

"नंबर काय?"

"नंबर नाहीये. गुलाबी आहे," ओवी म्हणाली. "हँडलला झिरमिळ्या आहेत."

हवालदारांचं पेन थांबलं. मला हसू आवरेना. उभं राहून एका पायाने ढकलायची खेळण्यातली स्कूटर, आणि ठाकुर्लीतल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगचा उतार. केस तिथेच मिटायची. पण वही उघडलीच होती, म्हणून हवालदारांनी सवयीने पुढचं विचारलं, "मागे कोण होतं?"

"मागे मी. आजोबा चालवत होते."

आजोबांचा डावा हात मघापासून खिशात होता. बाहेर काढायला लावला, तर मनगट पुरीसारखं टम्म. दोघांचेही एक्स-रे काढले. ओवीचं हाड नुसतं मुडपलं होतं. लहान मुलांची हाडं लवचिक असतात, तीन आठवड्यांत जुळतात. आजोबांचं सरळ मोडलं होतं.

प्लास्टर घालताना ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, सूनबाईला सांगू नका. संध्याकाळी हिला खाली न्यायचा तेवढा एक तास माझा असतो. तोही बंद करेल." मला वाईट वाटलं, पण कोपरापर्यंतचं प्लास्टर लपवणार कुठे?

सूनबाई ठाण्याच्या ऑफिसातून धावत आल्या. दोन्ही प्लास्टरं पाहिली. "हेल्मेट कोणी घातलं होतं?"

"मी," ओवी म्हणाली. "आजोबांच्या डोक्याला बसतच नाही."

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. "बाबा, संध्याकाळी दोघांनी खाली जायचंच. पण चालत!"

आजोबांचा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, माझाही.

मनालीने आता नियमच केलाय. लहान मूल पडून आलं, की सोबतच्या मोठ्या माणसाने आधी दोन्ही हात वर करून दाखवायचे.