अडीच वाजता हुकलेलं पदक

चूक माझीच होती. बिल म्हणजे कायदा नव्हे, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही पवारकाकूंना फोनवर म्हणालो, "काकू, काम झालंच समजा."

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, एका खासदारांच्या ऑफिसात केसवर्कर आहे. म्हणजे लोकांची गाऱ्हाणी घेऊन सरकारी खात्यांच्या मागे लागणारा माणूस. काकू पंच्याऐंशीच्या. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, गोळीबार चालू असताना नदीतून तीन जखमी ओढून आणले. त्यांच्या इंग्रज कॅप्टनच्या शिफारशीची प्रत काकूंच्या बिस्किटांच्या डब्यात आहे. पदक आलंच नाही. आणि इथला नियम असा, की पाच वर्षं उलटली की शौर्यपदक नाही. तो बदलण्यासाठी दुसऱ्या एका खासदाराने बिल मांडलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं मी काकूंना नुसतं "बघतो" म्हणत होतो. थोरामोठ्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही.

माझ्या फोननंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने काकूंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, वडिलांच्या फोटोला हार. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. तेव्हा तरी तोंड उघडायचं!

अशी खासगी, म्हणजे सरकारने न मांडलेली बिलं पार्लमेंटमध्ये शुक्रवारी येतात. अडीचला कामकाज बंद. तोवर कुणी बोलतच राहिलं, तर मतदान होत नाही आणि बिल बारगळतं. त्या शुक्रवारी एक महाशय पदकाच्या रिबिनीवरच पाऊण तास बोलले. मी ऑफिसातल्या टीव्हीवर ओरडलो, "अहो, बसा की खाली!" अडीच वाजले.

माझी बॉस हेलन म्हणाली, "रिझल्ट कधी प्रॉमिस करायचा नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"म्हातारं माणूस आहे, हेलन."

"म्हणूनच."

बरोबर होतं तिचं. नकार वेळेवर दिला तर एकदाच लागतो.

शनिवारी काकूंकडे गेलो. सत्काराचा नारळ शेल्फवर तसाच होता. पदक आल्यावर फोडायचा म्हणून.

"काय रे, पत्र आलं?"

"बिल बारगळलं, काकू."

त्या नारळाकडे बघत म्हणाल्या, "आपल्या कुलकर्णीबाईने सत्काराचे फोटो फेसबुकवर टाकलेत. आता मंडळात काय सांगू? परत येईल का रे ते बिल?"

"बघतो" अगदी जिभेवर आलं होतं.

"माहीत नाही, काकू. येईलच असं नाही. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला माफ करा."