जनरलसाहेबाची बढती आणि अकरा नावं

इंग्रज जनरलच्या फोटोला कुणी कुंकू लावतं का? आमच्या शाळेत लावलं! महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या शाळेत कार्यक्रम होता. शिपायानं सवयीनं फोटोला हार घातला आणि कपाळावर कुंकवाचं बोटही टेकवलं. या साहेबाच्या कारकिर्दीवर भाषण करायचं काम शिक्षकांपैकी माझ्याच गळ्यात पडलं होतं, कारण माझे वडील, अप्पा, त्याच्याच हाताखाली इटलीत लढले होते.

आदल्या दिवशी मी अप्पांना भाषण वाचून दाखवलं. साहेब कर्नलचा ब्रिगेडियर कसा झाला, पुराची नदी ओलांडून डोंगर कसा घेतला, त्याबद्दल जनरल कसा झाला. ‘हानी किरकोळ’ असं पुस्तकात होतं, तेच मी उतरवलं होतं.

“किरकोळ?” अप्पा कडाडले. “पूर उतरू द्या म्हणून आमच्या सुभेदारानं हात जोडले होते त्याला! माझ्या एका तुकडीतले अकरा गेले.”

ते अकरा मला पाठ होते. दर सर्वपित्री अमावास्येला अप्पा आजोबा-पणजोबांमागोमाग त्यांच्या नावानं तिळाचं पाणी सोडत. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. त्यात एक मुसलमान होता. भटजी अडखळले, तेव्हा अप्पा म्हणाले, “काश्यपच म्हणा. नदीनं त्याला गोत्र विचारलं नव्हतं.”

सकाळी मी हेडमास्तरांना सांगितलं, ही नावं वाचणार.

“ब्याडरी बाई, नको,” ते कळवळून म्हणाले. “संस्थेचे अध्यक्ष येताहेत, त्यांना साहेबाचं कौतुकच ऐकायचंय. तुमची कायम होण्याची ऑर्डर त्यांच्याच सहीला पडलीय.”

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं त्या सहीची वाट बघत होते मी. पण ‘किरकोळ’ हा शब्द माझ्याच हातानं लिहिला होता, त्याची लाज जास्त होती.

साहेबाच्या सगळ्या बढत्या सांगितल्या, एकही गाळली नाही. मग म्हटलं, “आता या बढतीपायी जे गेले, त्यांची नावं.” पहिलं नाव घेतलं तसे पाहुण्यांत बसलेले अप्पा काठी टेकत उठले आणि ताठ उभे राहिले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. हेडमास्तर लगबगीनं माझ्यापाशी आले.

“बाई, वेळ संपली. बसा आता.”

“सहाच झालेत, सर,” मी माईकमधूनच म्हणाले आणि सातवं नाव घेतलं.