लेबरेख्तचं चुकलेलं जहाज

लेबरेख्त फिंकेला एका जागी बसणं जन्मात जमलं नाही. हाले शहरात वैद्यकी शिकतानाही त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या शेवाळावर. नव्या मुलुखातली झाडं-पाखरं नोंदवायला रशियाच्या दरबाराला माणूस हवा होता, तेव्हा तो लगेच निघाला. बायको साबिने औषधवाल्याची लेक, तोंडानं फटकळ. "तुझ्या नावानं रडत मी मागं राहणार नाही," म्हणाली आणि त्याच्याआधी घोडागाडीत चढून बसली.

सायबेरिया तुडवत दोघं ओखोत्स्कच्या किनाऱ्यावर पोचली. तिथं नव्या मुलुखाकडे नेणारं जहाजच अजून बांधून व्हायचं होतं. लेबरेख्तच्या येरझारा पाहून कप्तान उश्कीन हसायचा.

"डॉक्टर, वाळू झिजवून जहाज लवकर नाही तरंगायचं!"

अखेर शिडं चढली, आणि नेमकी तेव्हाच साबिनेला कळा लागल्या. मूल आडवं होतं. लेबरेख्तची पेटी जहाजावर गेलेली.

"वारा बाळंतिणीसाठी थांबत नाही हो," उश्कीन दारातून म्हणाला.

"जा तू," साबिने म्हणाली, पण त्याची बाही तिच्या मुठीत तशीच होती.

तो राहिला. मायलेकी वाचल्या. मुलीचं नाव ओटिली ठेवलं. जहाज मात्र परत आलं नाही.

शेजारची अगाफ्या पोरीचे मुके घेत म्हणायची, "हिनं बापाचा जीव वाचवला गं!" ते ऐकलं की लेबरेख्त ताडकन उठून बाहेर पडायचा. जेवताना मध्येच चमचा टाकायचा, रात्री कूस बदलत राहायचा.

"गेला असतास तर तूही बुडाला असतास," साबिने एकदा चिडून म्हणाली.

"बुडाले असं कोण म्हणतं? समुद्रावर ताज्या भाजीवाचून हिरड्या सडून मेले असतील. त्यावरचा पाला मला ठाऊक होता, साबिने. त्यांना नव्हता."



दुसरं जहाज बांधायला घेतलं, तसा त्यानं किनाऱ्याचा रस्ताच टाकला. लांबच्या वाटेनं घरी यायचा. एका सकाळी पाहतो तर साबिने त्याचा कातडी कोट शिवत बसलेली.

"मी विचारलं का तुला?"

"विचारत नाहीस, म्हणूनच डोकं उठलंय माझं. जा बाबा एकदाचा!"

तो गेला. बोट लागून पार आडवा झाला, तरी धुक्यातून बेट दिसताच पहिल्या होडीत उतरला. तिथं वाळूत अर्धवट पुरलेली झोपडी होती. आत हाडं आणि उश्कीनचा पितळी कप. झोपडीच्या दारापासून ओढ्यापर्यंत आंबट चुक्यासारखा तोच पाला नुसता माजला होता. कुणी एक पानही खुडलेलं दिसत नव्हतं.

 लेबरेख्त दोन्ही हातांनी पाला ओरबाडू लागला. खलाशांनी तोंडं वाकडी केली.

"आम्ही काय शेळ्या आहोत का, डॉक्टर?"

"खा!" तो असा ओरडला की सगळे निमूट चघळू लागले.

त्या फेरीत एकही माणूस दगावला नाही. घरी आल्यावर त्यानं साबिनेला सगळं सांगितलं. ती नुसती त्याचा हात धरून चुलीपाशी बसून राहिली. अगाफ्याला दोघांनीही काही सांगितलं नाही.

हिवाळा त्यानं कसाबसा काढला. बर्फ फुटायला लागलं, तसा ओटिलीला खांद्यावर घेऊन तो पुढच्या जहाजाच्या सुतारांच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला: "अरे, डोलकाठी कधी उभी करताय?"