वाघदेवाचा कोंबडा आणि फ्रान्सचा राजा

जव्हार संस्थानच्या काळात मोखाड्याच्या शाळेवर लहान्या नावाचा शिपाई होता. एक अक्षर वाचता येत नसे. पण घंटा देऊन ओट्यावर टेकला की आतला धडा तो कान देऊन ऐके, आणि एकदा ऐकलेलं विसरत नसे. परीक्षेला बसवला असता तर वर्गातल्या निम्म्या पोरांच्या पुढे गेला असता.

टिपणीस मास्तर मोठे हौशी. दिवाळीच्या तोंडावर मामलेदारसाहेब शाळा बघायला येणार असं कळलं आणि मास्तरांच्या डोक्यात फ्रान्स शिरला. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या राजासमोर धुराने फुगवलेला एक भलामोठा फुगा उडवला होता. वरच्या हवेत जीव जगतो का, हे बघायला त्यात मेंढा, बदक आणि कोंबडा बसवला होता. मास्तर पतंगाच्या कागदाचा तसाच फुगा करणार होते. मेंढा त्याला पेलणार नव्हता आणि बदक मोखाड्यात कुणी पाळत नव्हतं. राहिला कोंबडा, आणि सगळ्यांत देखणा कोंबडा लहान्याचा.

खरं म्हणजे तो लहान्याचा नव्हताच. पावसाळ्यात शाळेतून पाड्यावर परतताना वाटेत वाघ आडवा बसलेला दिसला, तेव्हा लहान्या तिथेच डोळे मिटून वाघदेवाला कोंबड्याचा नवस बोलला होता. डोळे उघडले तर वाट मोकळी. दिवाळीआधीच्या वाघबारशीला, वाघदेवाच्या पूजेच्या दिवशी, तो नवस फेडायचा होता.

"मास्तर, तो देवाचा हाय," लहान्या काकुळतीला आला.

"अरे, परत येणारच आहे तो! फ्रान्सचाही जिवंत आला होता."

"आन नाय आला, त मी वाघाला काय सांगू?"

मास्तर रागावले. नोकरी त्यांच्या हातात होती. लहान्या मुकाट्याने कोंबडा घेऊन आला.

मामलेदारसाहेब अंगणात खुर्चीवर बसले. ओल्या पेंढ्याचा धूर भरून फुगा डुलू लागला. लहान्याने कोंबडा खाली ठेवला आणि त्याच्यापुढे तांदळाचे चार दाणे टाकले.

"हे काय आता?" मास्तर खेकसले.

"इच्यारतो त्याला. दाणं टिपलं, त त्याची खुशी."

पाड्यावर असं विचारल्याशिवाय देवालासुद्धा कोंबडा देत नाहीत. धुराने हैराण झालेल्या कोंबड्याने दाण्यांकडे पाठ केली. "नाय म्हनतो!" लहान्याच्या जिवात जीव आला. पण मास्तरांनी कोंबडा उचलून फुग्याखालच्या टोपलीत कोंबलाच. मला विचाराल तर त्या घडीला विज्ञानापेक्षा लहान्याचीच रीत माणुसकीची होती.

मामलेदारांना गंमत वाटली. "काय रे, फ्रान्सच्या त्या कोंबड्याचं पुढे काय झालं, ठाऊक आहे का?"

लहान्याला सगळं पाठ होतं. "सुखरूप आला जी. राजाचीच मान कापली. धा वर्सांनी. रयतेनं."

"मास्तर, हे शिकवता?" मामलेदारांनी विचारलं.

"पुस्तकात आहे, साहेब... छापील आहे..." मास्तर चाचरले.

लहान्याने हात जोडले. "आपल्या राजाला कशाला ती पीडा, सायेब? कोंबडा खालीच बरा."

आपल्यासमोर असलं काही उडालं हे उद्या जव्हारला राजाच्या कानावर गेलं तर, असा विचार साहेबांच्या मनात आला असावा. "काढा तो कोंबडा!" ते ओरडले. फुगा तोंडाशी टांगलेल्या विस्तवासकट रिकामाच उडाला, आंब्यावर आपटला आणि जळून गेला. त्याच संध्याकाळी मास्तरांनी पुस्तकातलं ते पान खळ लावून पुढच्या पानाला चिकटवून टाकलं. खळ लहान्यानेच शिजवून दिली.

वाघबारशीला नवस फिटला. मास्तरही पाड्यावर जेवायला आले आणि राग विसरून रस्सा दोनदा मागून घेतला. हात धुताना म्हणाले, "लहान्या, मामलेदारासमोर एवढं बोललास. भीती नाही वाटली?"

"वाटली ना," लहान्या म्हणाला. "पन मामलेदार वर्साचा एकदा येतो, मास्तर. वाघाची न माझी वाट रोजची एकच हाय."