येसूकाकीचा बघायचा दगड

आमच्या कर्जतकडच्या गावात कुणाची म्हैस चुकली, दागिना हरवला, की माणूस येसूकाकीच्या पडवीत जातो. तिच्याकडे बघायचा दगड आहे. लिंबाएवढा, काचेसारखा आरपार. तिच्या सासऱ्यांना, बुधाजींना, विहीर खणताना सापडला होता. तो घरातल्या सुनेकडेच जातो आणि तांदळाच्या डब्यात राहतो. लेकीला दाखवायचासुद्धा नाही, ती परक्या घरी जाणार. आणि राखणारीनं स्वतःसाठी त्यात बघायचं नाही.

माझी जोडवी हरवली तेव्हा मीही गेले होते. काकीनं दगड डोळ्यांशी धरला. "सकाळपासनं सांग. उठलीस. मग?" मी सांगत गेले, ती "मग?" म्हणत गेली. जोडवी पेंढ्यात मिळाली. ती काकीला दिसली की मलाच आठवली, ते मला अजून कळलेलं नाही. मी आपले हात जोडले.

आता काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सून प्राची दगडात बघते, पण म्हणते, "आई, मला नुसती ट्यूबलाइट दिसते." दगड पुढे द्यायचा कुणाला, हाच काकीला घोर.

त्यात मागच्या महिन्यात ती घाबरीघुबरी माझ्याकडे आली.

"बाय गं, दगडच हरवला! कोंबड्यांचं खुराडंसुदा बघितलं."

"मग आता बघायचं कशात?" मी म्हणाले आणि जीभ चावली.

"थट्टा करतेस गं म्हातारीची?"

मी तिला पाटावर बसवलं, समोर बसले. "मी दगडात नाही बघत काकी, नुसतं विचारते. शेवटचा कधी पाहिलात?"

"आमची रूपा सासरी रसायनीला परत गेली, त्या दिवशी."

"सकाळपासनं सांगा. उठलात. मग?"

"चा केला. तिला भाकऱ्या बांधून दिल्या."

"मग?"

"मग रिक्षावाला भोंगा वाजवत बसला मेला. लेकीला रिकामी कशी धाडू? तांदूळ दिले."

"कसे दिले?"

"डबाच उपडा केला पिशवीत..." काकीनं तोंडावर हात ठेवला.

मी लगेच रूपाला फोन लावला, स्पीकरवर, आणि दगडाचं विचारलं.

"अगं, तो तुझा होय आई? मला वाटलं, तांदळात केवढा हा खडा! चांगला जड हाय. लसूण ठेचते मी त्यानं."

"देवा रं!" काकी म्हणाली.

"पण आई, त्यात आपली पडवी दिसते गं. काल तू खुराड्यात डोकं घालून बसली होतीस. अंडी शोधत होतीस का?"

मी काकीकडे पाहिलं. काकी फोनकडे बघत होती. प्राचीनं कळवलं असेल का, असं माझ्या मनात आलं. पण प्राची चार दिवस माहेरी होती.

"आई? उद्या आणून देऊ का?"

काकीनं पदरानं डोळे पुसले.

"नको. तुझ्याकडंच ठेव, तांदळाच्या डब्यात. आणि लसूण वरवंट्यानं ठेच."