हँगरमधून आरपार

फ्लाइंग क्लबात तिला सगळे घार म्हणायचे. तिशीत पडलेलं हे नाव पन्नाशी उलटली तरी तिला चिकटूनच होतं. शिकाऊ वैमानिकांना ती विमान उडवायला शिकवायची, आणि क्लबाकडे दोन माणसं बसतील असं एक जुनं छोटं जेट होतं, ते तर तिचं लाडकंच. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

घरात मात्र तिच्यासोबत सिनेमा बघायला कुणी धजत नसे. पडद्यावर विमान दिसलं रे दिसलं, की हिचं सुरू. "असं होत नाही. एवढ्याशा वळणात पंख तुटून पडतील. आणि हा मास्क न लावता बोलतोय कुणाशी?" नवऱ्याची बेकरी होती. तो म्हणायचा, "आता बोललीस तर तोंडात अख्खा पाव कोंबीन." मुलगी उशी फेकून मारायची. हिचं तोंड काही बंद व्हायचं नाही.

अशा बाईकडे एक दिवस सिनेमावालेच चालून आले.

दिग्दर्शक तरुण होता, उत्साह नुसता ओसंडून चाललेला. धावपट्टीच्या टोकाला विमानं ठेवायचं मोठं हँगर होतं, दोन्ही बाजूंनी दारं असलेलं. त्यातून जेट आरपार काढायचं, अशी त्याची कल्पना. तीही आडवं करून, एक पंख जमिनीकडे आणि एक छताकडे.

"आडवं नाही," घार म्हणाली. "पंख असे उभे केले की विमान उचलून धरायला काही उरत नाही. ते खाली बसतं. मोकळ्या आकाशात चालून जाईल, पण इथे खाली फरशी आहे."

"मग सरळ?"

"सरळ जमेल."

शब्द तोंडातून गेला आणि लगेच परत घ्यावासा वाटला. पण आता माघार कशी घेणार? जन्मभर दुसऱ्यांना खोटं ठरवलेलं!

मग तयारी सुरू झाली. मोकळ्या मैदानात हँगरच्या दाराएवढ्या अंतरावर दोन बांबू रोवले, त्यांना लाल कापडं बांधली. घार रोज त्यांच्यामधून जायची. आधी उंचावरून, मग खाली, मग आणखी खाली. क्लबचा म्हातारा मेकॅनिक खुर्ची टाकून बघत बसायचा आणि ती उतरली की एवढंच म्हणायचा, "डावीकडे झुकतेयस." तिला राग यायचा, पण झुकत असायचीच ती.

खरी धास्ती भिंतींची नव्हतीच, कबुतरांची होती. हँगरच्या छतात त्यांचं गावच वसलेलं. इंजिनात एक जरी शिरलं तरी खेळ खलास. शूटिंगच्या दिवशी मेकॅनिकने सकाळपासून पत्र्याचे डबे बडवून सगळी हुसकून लावली. सिनेमाची माणसंही हौसेने डबे बडवायला लागली. क्लबात नुसता गदारोळ.

घार उडाली, लांबून वळली, खाली आली. समोर हँगरचं दार मोठं होत चाललं आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या अंधारात काहीतरी फडफडलं. तिने विचारसुद्धा केला नाही. दांडी मागे ओढली. हँगरचं छप्पर पोटाखालून सर्रकन गेलं.

रेडिओवर मेकॅनिकचा आवाज आला. "एकच होतं गं. गेलं आता. उतरतेस का?"

उतरावं, घरी जावं, बेकरीत जाऊन गरम भट्टीशेजारी बसावं, असं फार वाटलं. पण तिने एक मोठा वळसा घेतला. दुसरा घेतला. मन ठरेपर्यंत ती घेतच राहिली.

"आत रिकामं आहे ना?"

"मी स्वतः बघितलंय."

"मग येते."

या वेळी दार आलं आणि तिला गिळून मोकळं झालं. आत इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून असा अंगावर आला, की कुणी कानशिलात भडकावली असं वाटलं. दाबलेल्या हवेने विमानाला एक हिसका दिला. आणि लगेच उजेड! ती आकाशात होती आणि एकटीच मोठमोठ्याने ओरडत होती. काय, ते तिचं तिलाही कळलं नाही.

खाली टाळ्यांचा कडकडाट चालला होता. दिग्दर्शक मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून बसलेला.

"कमाल केलीत ताई. पण दिसतच नाही हो! पापणी लवली की संपलं."

"जेट आहे ते. थांबून हात हलवू का?"

तो खो खो हसला. म्हणाला, "मागे थोडी आग लावू कम्प्युटरवर. तुम्ही रागावू नका."

सिनेमा लागला तेव्हा नवरा बेकरी बंद ठेवून आला. मुलगी होतीच. पडद्यावर जेट पुलाखालून उलटं गेलं, क्षेपणास्त्राला गुंगारा दिला, गगनचुंबी इमारतींमधून आडवं निघालं. सगळं कम्प्युटरचं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. घार गप्प. मग हँगर आलं, आग आली आणि क्षणभर तिचं ते खरं उड्डाण.

मागच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "हे तर सपशेल खोटं. असं होत नाही."

नवऱ्याने घारीकडे बघितलं. आता भडका उडणार! पण भडकली ती मुलगी. ताडकन वळून म्हणाली, "अहो काका, हिनेच उडवलंय ते. ही आई माझी!"

"आणि ते पुलाखालचं?"

"ते खोटं."

"तेच तर खरं वाटलं!" माणूस कळवळून म्हणाला.

घारीला हसू असं फुटलं की आवरेना. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. आजूबाजूचे लोक "शू, शू" करायला लागले, तसं ती आणखीच हसली.

सिनेमा सुटल्यावर ते जोडपं बाहेर थांबलेलं. माणूस ओशाळला होता. घारच म्हणाली, "रविवारी क्लबात या. चक्कर मारून आणते."

आले दोघं. आधी तो बसला. उतरला तेव्हा चेहरा कागदासारखा पांढरा, पण म्हणाला, "छान आहे हो, फारच छान," आणि तिथेच गवतात बसला. मग बायकोने पट्टे आवळून घेतले, घारीच्या मागे बसली आणि हळूच विचारलं, "उलटं होतं का हो हे?"

"होतं की. करू?"

"करा. त्यांना खालून दिसेल असं करा."

माणूस बायकोची पर्स छातीशी धरून, मान वर करून बघत उभा राहिला.