अकरा मिनिटं

यज्ञेशला शिकवायची हातोटी होती, त्यात वाद नाही. पण माणसाला हशाटाळ्यांची चटक लागली की जिभेवर ताबा राहत नाही, आणि यज्ञेशचं तेच झालं.

घर काशीतलं, ब्रह्मा घाटावरचं. वडील नीलकंठगुरुजी पंचगंगा घाटावर यात्रेकरू जजमानांची श्राद्धं करणारे, आणि हा कोचिंग क्लासात जीवशास्त्राचा सर. त्या दिवशी एन्झाइमचा धडा होता. कुलूपकिल्लीचा दाखला देऊन झाला, पोरं जांभया द्यायला लागली, आणि यज्ञेशला एकदम बाबा सुचले.

"एन्झाइम म्हणजे माझे बाबा," तो म्हणाला. "पितर आपापले निघाले तर स्वर्गात पोचायला हजार वर्षं लागतील. बाबा अकरा मिनिटांत पोचवतात. दक्षिणेकडचा जजमान आला तर ढिम्म हलणार नाहीत. त्यांच्या समोर बसणार तो नगर-नाशिककडचाच. त्याचं उरकलं, तो उठला, की दुसरा हजर. आणि बाबा होते तसेच, पुढच्याला मोकळे."

वर्ग खो खो हसला. शास्त्रात म्हणाल तर चूक कुठेच नव्हती; एन्झाइमही काम झटपट उरकतं, ठरलेल्या पदार्थालाच जुळतं आणि शेवटी स्वतः जसंच्या तसं उरतं. पण ती अकरा मिनिटं कुठून आली हे यज्ञेशला पक्कं ठाऊक होतं. जजमानांना देवदर्शन असतं, गाडी असते, बसायच्या आधीच म्हणतात, "गुरुजी, जरा लवकर." बाबा एकही मंत्र गाळत नसत, फक्त भरभर म्हणत. आणि नावं मात्र सावकाश विचारत. आजोळची, सासरची, कधीच गेलेल्या एखाद्या तान्ह्या लेकराचंसुद्धा. एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्यावर हसलं कोण असतं?

क्लासवाल्यांनी तासाच्या व्हिडिओतला तो तुकडा मोबाइलवर टाकला. पंधरा दिवसांनी संगमनेरच्या एका जजमानाने घाटावर, श्राद्ध आटोपल्यावर, तो बाबांनाच दाखवला. "गुरुजी, तुम्ही तर फेमस झालात." बाबांनी दोनदा पाहिला म्हणे.

रात्री जेवताना ते म्हणाले, "छान समजावलंस. मलासुद्धा कळलं."

यज्ञेशने हातातला घास ताटात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाबा, मी ते नुसतं पोरांसाठी..." तो म्हणाला.

"भात घे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी एकेका श्राद्धाला पाऊण तास लावायला सुरुवात केली. जजमान घड्याळं बघत, चुळबुळ करत, आणि त्यांच्या मागे थांबलेले सरळ शेजारच्या गुरुजींकडे जात. यज्ञेश एकदा वरच्या पायऱ्यांवर उभा राहून पाहत होता. एका जजमानाने बाबांना हात जोडून म्हटलं, "महाराज, आमची गाडी चुकेल." बाबा ओशाळले, पुन्हा भरभर म्हणू लागले, मध्येच थांबले आणि एक मंत्र चक्क चुकले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. खाली जाऊन पाय धरावेत असं यज्ञेशला फार वाटलं. पण लोकांदेखत लाज वाटली, म्हणून तो तसाच परत फिरला. धन्य त्या लाजेची! वर्गात बोलताना ती कुठे गेली होती?

मग आईच्या श्राद्धाची तिथी आली. दर वर्षी यज्ञेश करायचा आणि बाबा मंत्र सांगायचे. या वर्षी सकाळी दारात घाटावरचे वेणीमाधवगुरुजी उभे. बाबांनीच त्यांना बोलावलं होतं.

"हे कशाला बाबा? तुम्ही सांगा ना," यज्ञेश म्हणाला.

"नको रे. मला घाईची सवय लागलीय," बाबा साधेपणाने म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याने आनंदाने सोसला असता. "तुझ्या आईचं तरी नीट होऊ दे."

आणि ते पाहुण्यासारखे भिंतीशी जाऊन बसले.

वेणीमाधवगुरुजींनी दर्भ हातात दिला आणि आईचं नाव विचारलं. यज्ञेशने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. गुरुजींनी पुन्हा विचारलं. शेवटी मागून बाबांनीच ते सांगितलं, अगदी सावकाश.